नाताळच्या सहलीचा पैसा कुठे अडकतो?

गणपती झाले की परदेशी सहलींबद्दलची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांत अमेरिकेतल्या ऑर्लँडोचे नाव आहे. नाताळात तिथल्या डिस्नी वर्ल्डमध्ये होणारे खेळ, मिरवणुका आणि आतषबाजी मुलांना दाखवायची ही इच्छा कोणालाही समजेल अशी आहे. खर्च मोठा असल्यामुळे निवडक पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: आम्ही पाच जण (मी, पत्नी, 68 वर्षांची आई, 11 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा) 2025 मध्ये 24 ते 30 डिसेंबरला ऑर्लँडोला जाणार आहोत. व्हिसा मागच्या वर्षीच मिळाले आहेत. सहल कंपनीने साडेचौदा लाखांचे पॅकेज दिले आहे आणि त्यावर 1 लाख 40 हजार टीसीएस सांगितला आहे. नाताळच्या खास पार्टीची तिकिटे वेगळी घ्यायला सांगितली आहेत. हा सगळा खर्च खरेच आवश्यक आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: कंपनीने टीसीएसचा (विक्रेत्याने ग्राहकाकडून वसूल करायच्या कराचा) हिशेब बरोबर केला आहे, पण तो सगळा तुमच्या एकट्याच्या नावावर केला आहे. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी परदेशी सहलीच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस ठरवलेला होता. म्हणून 10 लाखांवर 50 हजार आणि उरलेल्या साडेचार लाखांवर 90 हजार.

ही मर्यादा प्रत्येक खरेदीदाराला स्वतंत्रपणे लागते. तुमच्या पत्नी आणि आई आपापल्या वाट्याचे पॅकेज स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या खात्यातून पैसे भरून घेणार असतील, तर त्यांची बिले वेगळी करून मागा. प्रत्येकाचा वाटा 2 लाख 90 हजार धरला, तर तुमच्याकडे तुमचा आणि दोन मुलांचा मिळून 8 लाख 70 हजार राहतो. मग कोणीच 10 लाखांच्या वर जात नाही आणि एकूण टीसीएस 72,500 रुपये होतो. पण हे खरे व्यवहार असले पाहिजेत. पैसे तुमच्याच खात्यातून जाणार असतील, तर नुसत्या कागदावर नावे वाटू नका.

टीसीएस हा खर्च नाही, तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला कर आहे. तो प्राप्तिकर खात्याच्या 26 एएस या करपत्रकात दिसतो. तुम्ही नोकरी करत असाल, तर फॉर्म 12 बीएए भरून नोकरी देणाऱ्या कंपनीला कळवा. ऑक्टोबर 2024 पासून पगारातून कापल्या जाणाऱ्या करात ही रक्कम वळती करून घेता येते. आईंचे उत्पन्न करपात्र नसेल, तर त्यांना परतावा विवरणपत्र भरल्यावरच मिळेल. अनेक घरांत ज्येष्ठांचे विवरणपत्र भरायचे राहते आणि ही रक्कम तशीच पडून राहते. आईंचे पैसे असे अडकू देऊ नका.

सहल स्वतः आखायची असेल, तर गणित बदलते. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल घेतले, तर ते पॅकेज ठरत नाही. प्रवास, मुक्काम आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या, तरच पॅकेजचा टीसीएस लागतो. फॉरेक्स कार्डवर किंवा बँकेतून परकीय चलन घेताना एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही सध्या या हिशेबात धरला जात नाही. पण क्रेडिट कार्डावर बँका साधारण 2 ते 3.5 टक्के विनिमय शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी घेतात. 3 लाखांच्या खर्चावर साडेतीन टक्के दराने हे 12,390 रुपये होतात. तिथल्या दुकानात यंत्राने ‘रुपयांत भरायचे का?’ असे विचारले, तर डॉलरच निवडा. रुपयांत भरायचे म्हटले की दुकानदाराची बँक आपला दर लावते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

आता पार्टीच्या तिकिटांबद्दल. तुम्हाला ती घ्यायला सांगणाऱ्याने तारखा नीट पाहिलेल्या दिसत नाहीत. डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या उद्यानातली ‘मिकीज् व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या ठरावीक रात्रींनाच असते. तिचे तिकीट वेगळे असते आणि त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी 6 नंतर बाहेर पडावे लागते. 2025 साली ही पार्टी 21 डिसेंबरपर्यंतच ठरलेली होती. तुम्ही 24 ला पोहोचणार, म्हणजे ते तिकीट तुमच्या उपयोगाचेच नाही. शिवाय पार्टीतली नाताळची मिरवणूक आणि आतषबाजी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साध्या तिकिटावर आलेल्यांनाही दाखवतात. हा खर्च पूर्ण वगळा.

त्याऐवजी एक संध्याकाळ डिस्नी वर्ल्डमधल्याच एप्कॉट या उद्यानासाठी राखून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे ‘कँडललाइट प्रोसेशनल’ नावाचा कार्यक्रम होतो. मोठे गायनवृंद, पन्नास वादकांचा वाद्यमेळ आणि येशूजन्माची कथा सांगणारा एखादा प्रसिद्ध कलाकार, असे त्याचे रूप असते. 1958 साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये हा सुरू झाला आणि 1994 पासून एप्कॉटमध्ये होतो. 2025 साली तो 30 डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी तीनदा ठेवलेला होता. एप्कॉटच्या तिकिटातच तो पाहता येतो. जेवणासह राखीव जागेचे पॅकेज विकतात, पण ते घ्यायलाच हवे असे नाही. रांगेत लवकर उभे राहण्याची तयारी हवी. आईंना फार वेळ उभे राहवत नसेल, तर मात्र ते पैसे सार्थकी लागतील.

तिकिटांच्या किमती पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 10 वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना मोठ्यांचा दर लागतो, म्हणजे तुमच्या मुलीचे तिकीट तुमच्याएवढेच. आणि छापील किमतीत कर धरलेला नसतो. तो 6.5 टक्के वेगळा लागतो, हॉटेलवर 12.5 टक्के. 2025 च्या नाताळच्या आठवड्यासाठी मॅजिक किंगडमच्या एका दिवसाच्या तिकिटाची किंमत 199 डॉलरपर्यंत होती, करासह सुमारे 212 डॉलर. पॅकेजमध्ये नेमकी किती दिवसांची आणि कोणत्या उद्यानांची तिकिटे आहेत, हे कंपनीकडून लिहून घ्या. ‘डिस्नी दर्शन’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका.

प्रश्न: माझी बहीण टॅम्पात राहते. ती आमची तिकिटे आणि हॉटेल डॉलरमध्ये भरून टाकते, मी तेवढे रुपये तिच्या इथल्या खात्यात भरतो, असे आमचे ठरले आहे. यात काही अडचण आहे का? तिला फ्लोरिडाच्या रहिवाशांची सवलतही मिळते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: अडचण आहे, आणि घरातल्या घरात होते म्हणून ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिने तिकडे डॉलर भरायचे आणि त्या बदल्यात तुम्ही इकडे तिला रुपये द्यायचे, ही परकीय चलनाची अदलाबदल झाली. परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत बँकेमार्फत किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावेत, असे परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) सांगतो. तुमच्या मनात काही वाईट नसले, तरी व्यवहाराचे स्वरूप कायद्याला मान्य नाही.

बहिणीने खरोखर आपल्या पैशाने भावाच्या कुटुंबाला सहल घडवली, तर त्यात काहीच गैर नाही. भावाबहिणींमधल्या भेटीवर आपल्याकडे प्राप्तिकर नाही आणि भारतातून पैसे गेले नसल्यामुळे टीसीएसचाही प्रश्न येत नाही. तुम्हालाही तिला रुपयांत भेट देता येते. ती तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांतल्या खात्यात), बँकेमार्फत, आणि वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत द्यावी लागते. मात्र ती भेटच हवी, तिकिटांची परतफेड नको. पैसे तुम्हालाच द्यायचे असतील, तर सरळ तुमच्या कार्डाने द्या. तिच्या घरी उतरलात, तर हॉटेलचा खर्च आणि त्यावरचा कर वाचेल, आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. टॅम्पाहून ऑर्लँडो मोटारीने दीड-दोन तासांवर आहे.

रहिवाशांची सवलत तिच्यापुरतीच आहे. त्या तिकिटावर आत जाणाऱ्या मोठ्या माणसाला फ्लोरिडात राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. कोणी अर्धवट वापरलेली तिकिटे स्वस्तात देऊ करत असेल, तर तीही घेऊ नका. डिस्नीची तिकिटे हस्तांतरणीय नसतात आणि प्रवेशद्वारावर बोटाचा ठसा घेतात.

प्रश्न: पुढच्या नाताळात जायचे आहे. विमानाची तिकिटे आत्ता स्वस्त आहेत, म्हणून आधी ती घेऊन मग व्हिसा काढावा का? आम्हा चौघांपैकी कोणाकडेच व्हिसा नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. आधी व्हिसा. माणशी 185 डॉलर शुल्क आहे, चौघांचे 740. व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. 2 सप्टेंबर 2025 पासून 14 वर्षांखालच्या मुलांनाही सर्वसाधारणपणे मुलाखतीला जावे लागते. मुंबईतल्या तारखा बऱ्याच पुढच्या मिळू शकतात. भरलेले शुल्क वर्षभर चालते, म्हणून आत्ताच अर्ज करण्यात तुमचे काही बिघडत नाही. मुलांचे पासपोर्टही तपासा, कारण ते पाचच वर्षांचे असतात आणि आईवडिलांच्या आधी संपतात.

सगळी सहल आखताना मी एकच क्रम सांगतो: व्हिसाचे शुल्क सोडले, तर जे पैसे परत मिळत नाहीत, ते सगळ्यात शेवटी भरायचे. व्हिसानंतर रद्द करता येण्याजोगे हॉटेल, मग विमान, आणि उद्यानांची तिकिटे अगदी शेवटी. डिस्नीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पूर्णपणे न वापरलेल्या तिकिटाची किंमत फक्त पुढच्या खरेदीत वळती करता येते. कोल्हापूरच्या घराला पुढची खरेदी कधी लागणार? विमा विमानाच्या तिकिटाबरोबरच घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या विम्यात सहल रद्द झाल्याच्या भरपाईचा तुम्हाला काहीच उपयोग होत नाही. व्हिसा नाकारल्यावर भरपाई हवी असेल, तर पॉलिसीत तसे कलम आहे का, ते पाहा. बहुतेक साध्या पॉलिसींत ते नसते.

प्रश्न: वडील अचानक अतिदक्षता विभागात दाखल झाले आणि आम्हाला सहल रद्द करावी लागली. निघायला पंचवीस दिवस होते. सहल कंपनी म्हणते, ‘पूर्ण रक्कम बुडाली, करारात तसे लिहिले आहे.’ (एक वाचक, सातारा)

उत्तर: वडिलांची प्रकृती आता सुधारली असेल, अशी आशा करतो. करारात लिहिले म्हणजे वाद संपला, असे नाही. कंपनीला लेखी पत्र पाठवून खर्चाचा तपशील मागा: विमानाचे किती, हॉटेलचे किती, तिकिटांचे किती, यांपैकी प्रत्यक्षात कंपनीचे कोणते पैसे बुडाले आणि त्याचे पुरावे काय. हॉटेलने कंपनीला पैसे परत केले आणि कंपनीने ते स्वतःकडे ठेवले, असे घडू शकते. तुम्ही भारतीय विमान कंपनीने जाणार असाल, तर तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे प्रश्न सुटला नाही, तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. तुम्ही भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

विमा घेतला असेल, तर रुग्णालयाचे कागद, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि सहल कंपनीचे पत्र जोडून दावाही लगेच दाखल करा. बहुतेक पॉलिसींत आईवडिलांचे आजारपण रद्द करण्याच्या कारणांत येते. वडिलांना आधीपासून असलेला आजार वगळला आहे का, ते मात्र नीट वाचा. दावा नाकारला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीही फेटाळली, किंवा तक्रार देऊन महिना झाला तरी उत्तर नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फी नाही आणि महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. नकाराचे पत्र हाती आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करा, आणि दाव्याच्या प्रत्येक कागदाची एक प्रत आजपासूनच वेगळ्या फाइलमध्ये लावा.