दुधाचे खाडे

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, हे वर्ष अगदी वाया गेलं गं." नोकरी लागली त्याच वर्षी ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून सगळंच वाया. मी तेव्हा काही बोलले नाही. कुकरच्या शिट्या मोजत होते, आणि फोनवर समजूत काढणं मला कधी जमलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर 2024 चं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि ओट्याला टेकून जानेवारीपासून चाळत बसले.

1973 साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं. तिथी, मुहूर्त, पाककृती, भविष्य, काय नाही त्यात! आमच्याकडे मात्र आईच्या वेळेपासून त्याचा खरा उपयोग दुधाचा. रोज एक लिटर, घेतलं की बरोबरची खूण. जास्त घेतलं तर चौकटीत अधिकची खूण, घेतलं नाही तर फुली. फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरी खाडे मोजायचे, तेवढे पैसे कापायचे. त्यामुळे घर कधी बंद होतं, पाहुणे कधी आले, सगळं पेन्सिलीत सापडतं.

फेब्रुवारीत सामान हलवायच्या तीन फुल्या आहेत आणि चौदा तारखेला अधिक तीन लिटर. वसंत पंचमी, आमची वास्तुशांत, बासुंदी तिथेच आटवली. सदतिसाव्या वर्षी स्वतःचं घर झालं बाई! जुन्या भाड्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दूधवाले काकाही तेच राहिले. एक सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, 2021 च्या एप्रिलपासून. आम्ही हौसेने दोघांची नावं घातली आणि 60 लाखांच्या दस्तावर 60 हजार सरळ सोडून दिले. कळलं कधी? दस्त नोंदवून बाहेर येऊन उसाचा रस पीत होतो तेव्हा, शेजारच्या बाकावरच्या बाईंकडून.

मग एप्रिल. एप्रिलच्या पानावर एकही खाडा नाही, आणि मी त्याच पानाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

तुला हे माहीत नाही. आईला आणि तुझ्या दाजींना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हा दहावा आठवडा चालू होता. पाडवा झाला, गुढीपुढे मनातल्या मनात तिघांऐवजी चौघांसाठी मागून झालं आणि अठरा तारखेला, गुरुवारी, सगळं संपलं. दवाखान्यातून संध्याकाळी घरी आले. शुक्रवारी सकाळी काकांनी बेल वाजवली, मी पातेलं घेऊन दार उघडलं, दूध घेतलं, तापवलं आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण केली. ती खूण अजून तिथे आहे. थोडीसुद्धा हललेली नाही, इतकी सरळ. सोमवारी मी ऑफिसात होते. "व्हायरल होतं," म्हणून सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलवरचीने काढा करून आणला, आणि तो मी तिच्यासमोर प्यायलेसुद्धा.

तो काढा पिताना मला जे माहीत नव्हतं ते तुला माहीत असू दे. गर्भपात झाला तर नोकरदार बाईला त्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. बाळंतपणाची नव्हे, हीच, वेगळी. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेलं असावं लागतं. ही रजा 1961 सालापासून कायद्यात आहे. मी चौदा वर्षं नोकरी करतेय, दरवर्षी रजेचा तक्ता भरतेय, आणि हे मला ऑगस्टमध्ये कळलं. आमच्याच ऑफिसातल्या एका मुलीने ती रजा मागितली, तेव्हा.

आणि दुसरं. मी कितीतरी दिवस मनात खोकी मोजत होते. फेब्रुवारीत उचललेली भांड्यांची खोकी. तेव्हा तर काही सुरूही झालं नव्हतं, पण मन असला हिशेब ऐकत नाही. ओळखीच्या एका आजींनी पपई खाल्ली होतीस का, तेही विचारून घेतलं (माहीत नसूनही! आजींना वास लागतो). शेवटी डॉक्टरीणबाईंनीच समोर बसवून सांगितलं, की दर दहा गरोदरपणांतलं एखाददुसरं असं संपतंच. पहिल्या तीन महिन्यांत जातात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. खोक्यांचा, पपईचा, जिना चढण्याचा संबंध नसतो. मला ते पटायला जून उजाडला.

मे-जूनमध्ये सांगण्यासारखं काही नाही. आंबे, आमरस, पाहुणे, दूध अधिक अधिक.

जुलैत चौदा फुल्या आहेत, ओळीने. पालखी फलटण सोडून बरडच्या वाटेला लागली, त्याच आठवड्यात आमचे वडील, दादा, गेले. तू आली होतीस, तेव्हा ते दिवस तुला सांगायला नकोत. पण तेराव्याच्या दुपारी तू एसटी गाठायला निघालीस, त्यानंतरचं सांगते.

पानं उठली होती, बायका भांडी आवरत होत्या. एक चुलते कागद घेऊन आले. आधीच टाइप करून आणलेला, हक्कसोडपत्राचा मसुदा. "सह्या करून ठेवा, म्हणजे निबंधक कार्यालयात नुसतं जायचं उरेल. सगळे जमलेत तोवर होऊन जाऊ दे. भावाला सोडायचंच असतं पोरींनी, नाहीतर माहेरची चोळीबांगडी तुटते." अडीच एकराचा तुकडा, त्यातलं निम्मं माळरान. भाऊ मान खाली घालून बसला होता, त्याला ते माहीत होतं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही. मी पेन घेतलंही होतं. खरं सांगते, त्या दिवशी कुणी माझ्याकडे किडनी मागितली असती तरी मी "कुठे सही करू" एवढंच विचारलं असतं.

आई उठली. तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि गव्हाच्या डब्याखाली सरकवला. म्हणाली, "आज अक्षर दिसत नाही कुणाला. पुन्हा बघू." आणि चहा टाकायला गेली. सातवी शिकलेली माझी आई.

तुझ्याही घरी हा दिवस येणार, म्हणून नीट सांगते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, तिथे ढकलाढकली नको. जमिनीला वारस लावायचे ते तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत कळवायचं. अर्ज आणि मृत्यूचा दाखला दिला की फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. यात कुणाला काही सोडावं लागत नाही, आहेत तेवढे वारस लागतात. हक्कसोड ही त्यानंतरची, पूर्ण वेगळी गोष्ट. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र "चुकले" म्हणून परत घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जन्मानेच, मुलाइतकाच. वडील 2005 च्या आधी गेले की नंतर, याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलंय. आणि बँकेत नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो पैशाचा मालक होत नाही. त्याने ते घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. आमच्याकडे यावरूनही दोन संध्याकाळी गेल्या.

जमीन भावाला सोडायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. कदाचित सोडेनही. तो कसतो, आईला तो बघतो. पण सोडायची तर ती मी एखाद्या साध्या मंगळवारी, पोटभर जेवून, डोळे कोरडे असताना सोडेन. नाव लावणं म्हणजे भांडण लावणं नव्हे. सप्टेंबरात भावानेच नव्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. आईचं, त्याचं, माझं अशी तीन नावं एकाखाली एक. खाली त्याने काही लिहिलं नव्हतं. मीही नुसता अंगठा पाठवला. त्या भाऊबीजेला तो आला, आणि ओवाळताना दोघंही भलतीकडेच बघत होतो.

ऑक्टोबरात दुचाकीचा परवाना मिळाला, तो आनंद उगाच लपवत नाही. आठचा आकडा काढताना पहिल्यांदा पाय टेकला, नापास. दुसऱ्यांदा निघाला. दादा दहा वर्षं मागे लागले होते, "गाडी शीक, कुणाच्या मागे बसून किती फिरशील." परवाना दाखवायला कुणी नाही म्हणून दूधवाल्या काकांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "फोटो चांगला नाही आला."

तर असं माझं वर्ष. यातलं वाया काय गेलं ते मला त्या पानांत सापडेना. सलतो तो फक्त एप्रिल, जिथे फुली हवी होती आणि मी खूण करत राहिले. आठ दिवस झोपून राहिले असते, आईला बोलावून घेतलं असतं, दूध नासलं असतं तर नासलं असतं. तुझं लग्न मोडलं त्याच आठवड्यात तू नव्या नोकरीवर हजर झालीस, पेढेही वाटलेस, हे मला मावशीकडून कळलं. म्हणून एवढं लिहिलं.

या शनिवार-रविवारी इकडे ये. स्टँडवर घ्यायला मी येते, गाडीवरून. आणि येताना ऑफिसात खरं कारण सांगून सोमवारची रजा टाकून ये.