रुग्णाच्या हाती आरोग्य ॲप

आरोग्यसेवा रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर येऊन घरोघरी पोहोचावी, हे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे जुने उद्दिष्ट होय. भ्रमणध्वनीवरील आरोग्य ॲपमुळे या उद्दिष्टास नवे साधन लाभले आहे. तथापि साधन उपलब्ध होणे आणि रुग्णाने ते आपलेसे करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. रुग्णाला त्यात रस केव्हा वाटतो, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

गरजेतून निर्माण होणारा रस

केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानंतर एप्रिलमध्ये ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. टाळेबंदीच्या त्या काळात घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळणे हा मोठाच दिलासा होता. ऑक्टोबर २०२२ पासून रुग्णालयांत ‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय येऊ लागली. क्यूआर कोड स्कॅन करून आपली माहिती रुग्णालयाला दिली की टोकन मिळते आणि केसपेपरच्या रांगेतील वेळ वाचतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वाचलेला वेळ म्हणजे वाचलेली मजुरी होय. प्रत्यक्ष अडचण दूर करणारे ॲप लोक आपण होऊन स्वीकारतात, ते यामुळेच.

रस टिकविण्याचा प्रश्न

उच्च रक्तदाब व मधुमेह या विकारांत मात्र परिस्थिती वेगळी असते. रक्तदाब वाढला तरी बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. बरे वाटू लागताच रुग्ण गोळ्या सोडून देतो. औषधाची आठवण करून देणारे आणि रक्तदाबाच्या नोंदी ठेवणारे ॲप येथे उपयोगी पडू शकते. परंतु केलेल्या नोंदी कोणी पाहत नाही असे दिसले, की नोंदी करण्याचा उत्साह ओसरतो. नोंदीमागे डॉक्टर वा आरोग्यसेविका यांचे लक्ष असेल, तरच ॲपविषयीची आस्था टिकून राहते.

ज्यांच्या हाती साधन नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी होता. इंटरनेटचा वापर केलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. ज्यांना सेवेची निकड अधिक, त्यांच्याच हाती साधन नसेल, तर नवी सोय जुनी विषमता वाढवील. या दृष्टीने ई-संजीवनीचे दुसरे रूप महत्त्वाचे आहे. त्यात रुग्ण गावाजवळील आरोग्य केंद्रात जातो आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याची दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतो. रुग्णाजवळ भ्रमणध्वनी नसला तरी त्याचे अडत नाही.

विश्वास आणि मर्यादा

आपल्या आजाराची माहिती कोणाच्या हाती जाईल, ही शंका रास्तच आहे. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक घेणे ऐच्छिक असून अभिलेख रुग्णाच्या संमतीनेच इतरांना दाखविले जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. संमतीची विनंती मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्यायही त्यात आहे. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये.

ॲप हे डॉक्टरांना पर्याय नव्हे. छातीत तीव्र वेदना, अपघात वा प्रसूतीतील गुंतागुंत अशा प्रसंगी भ्रमणध्वनीवर सल्ला शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाचा रस जाहिरातीने निर्माण होत नाही, तो अनुभवाने निर्माण होतो. सोपी मराठी, विचारलेल्या प्रश्नाला वेळेवर मिळणारे उत्तर आणि गुप्ततेची हमी या तीन गोष्टी लाभल्या, तर हे साधन वाडीवस्तीवरील अखेरच्या रुग्णाच्याही खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.