पाटे बदलल्यावर गाडी एका बाजूला ओढते? आधी हे बघा



गूळ, भाजी घेऊन मार्केट यार्डला जाणारी पिकअप पाटे किंवा बुश बदलल्यावर एका बाजूला ओढायला लागली, तर "चालतंय की" म्हणत स्टिअरिंग दाबून धरू नका. भरल्या गाडीनं करूळ घाट उतरायचा असेल तर अजिबात नको.

लगेच अलाइनमेंटला पळायचं नाही. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी आहे का बघा. रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळं डावीकडं किंचित ओढ साहजिक आहे. जास्त असेल तर पुढची दोन चाकं अदलाबदल करा. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा. चार-पाच किलोमीटर चालवून थांबा, चाकाजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). पुढचं एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

पाट्याच्या कामात खरी गोम सेंटर बोल्टची. त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलं नाही, की ॲक्सल सरकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. फरक दिसला तर यू-बोल्ट सोडून पुन्हा बसवायला सांगा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू देऊ नका, चाकं जमिनीवर टेकल्यावरच.

अलाइनमेंट यानंतर. तिथं नुसता टो नको, कॅम्बर-कास्टरचे दोन्ही बाजूंचे आकडे मागा. ओढ बहुतेक वेळा त्यांच्या फरकातून येते.

पहिल्या एक-दोन भरल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या, नवे पाटे दबून बसतात.