काजळीचा काळा रंग

प्रश्न : लखनौत राहतो. घरचे जुने कृष्णधवल फोटो इंकजेटवर छापतो. हिरवट झाक येते, प्रती फिकटतात. रिफिल कार्ट्रिजमध्ये कार्बन शाई भरू का?

उत्तर : जरूर भरा. प्रिंटर करडा रंग इतर रंग मिसळून बनवतो, म्हणून झाक येते. कार्बन शाई म्हणजे काजळीच. जुन्या पोथ्यांतली काजळीची शाई शतकांनंतरही काळीभोर आहे. छटा किंचित तपकिरी येईल, मला तीच आवडते. काळ्यासोबत पातळ करड्या छटाही घ्या, नाहीतर चेहऱ्यांवर ठिपके दिसतात. आधीची शाई पूर्ण धुऊन काढा. कण तळाशी बसतात, म्हणून बाटली हळू हलवा. कागद सुती, मॅट हवा. मे-जूनच्या लूमध्ये नोझल वाळतात; आठवड्यातून एकदा तरी चाचणी-प्रत काढाच. मूळ फोटो मात्र फेकू नका.