बिजाचा पेला, मेथीचे दाणे आणि दवाखान्यातील गोळी

तुकईथड परिसरात बिजाच्या लाकडाचा पेला आता पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे. (बिजा म्हणजे मराठीतला बिबळा.) रात्री त्यात पाणी ठेवायचे आणि सकाळी ते तपकिरी झाले की अनशापोटी प्यायचे, म्हणजे साखर उतरते, असे सांगतात. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी बांधवाने असा पेला आणला आणि दवाखान्याची गोळी बंद केली. चार महिन्यांनी पायाची एक साधी जखम भरेना. तपासले तर साखर 380! त्या पाण्याने त्यांना अपाय केला नव्हता, गोळी सोडल्याने झाला. म्हणून वनस्पती शरीरात काय करतात, हे आज नीट पाहू.

पाटाने पाणी देताना दारे धरणारा गडी एकेका वाफ्याचे तोंड उघडतो. (आता ठिबक आले, पण दारे धरणे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही.) स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन हा असाच गडी आहे. त्याने दार उघडले की रक्तातील साखर स्नायूंत शिरते. वाफ्याच्या तोंडाशी गाळ साचला तर गडी असूनही पाणी आत जात नाही, पाटातच तुंबते. मग शरीर आणखी गडी पाठवते आणि वर्षानुवर्षे असे करून स्वादुपिंड थकते. हा गाळ बहुतांशी चरबीचा असतो.

चरबीला आवर घालणे हेही इन्शुलिनचेच काम. त्याचा हुकूम चालेनासा झाला की साठ्यातील चरबी रक्तात सुटते, यकृतात जाऊन बसते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते. असे यकृत रात्रभर साखर बनवीत राहते. उपाशीपोटीसुद्धा साखर जास्त निघते, ती यामुळेच.

‘आम्ही कष्टकरी, अंगाने सडपातळ, आम्हाला कसली साखर?’ असे पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! तेव्हा काट्यापेक्षा कमरेवर फीत लावून पाहावी. पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर रक्त तपासून घ्यावे.

आता मेथी. तिच्या दाण्यातील बुळबुळीत तंतू पोटात फुगतो, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 1990 सालच्या प्रयोगात रोज तब्बल 100 ग्रॅम, तीही तेल काढलेली मेथीपूड दोन जेवणांत विभागून दिली होती. लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून कमी झाली. फोडणीतल्या चिमूटभर मेथीकडून ती अपेक्षा करू नये. जयपूरचा 2001 सालचा प्रयोग आम्हाला अधिक बोलका वाटतो. मधुमेह नुकताच निघालेल्या 25 रुग्णांपैकी काहींना दोन महिने रोज 1 ग्रॅम मेथीचा अर्क दिला, बाकीच्यांना आहार आणि व्यायाम सांगून नुसती खोटी कुपी दिली. अर्क घेणाऱ्यांत इन्शुलिनचा हुकूम अधिक चालू लागला आणि ट्रायग्लिसराइड उतरले. पण उपाशीपोटीची साखर दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच उतरली!

बिजाचीही परीक्षा झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1998 साली 97 नव्या रुग्णांचा अहवाल छापला. 12 आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली. मात्र तो मोजून दिलेला अर्क होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पेल्यातून रोज किती अर्क उतरतो, हे कोणी मोजलेले नसते. महिन्याभरात लाकूड फिके पडले तरी आपण तेच पाणी पीत राहतो. गुडमारचे पान चघळले की साखर मातीसारखी लागते हे खरे, पण ती किमया जिभेवरची.

आणि ज्या गोळीला ‘केमिकल’ म्हणून नावे ठेवतो, त्या मेटफॉर्मिनचे मूळही एका चाऱ्याच्या झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची शेंगवर्गीय वनस्पती होते. ती खाऊन मेंढ्या मरत, इतकी ती विषारी. तिच्यातील द्रव्यावरून पुढे सौम्य औषध घडले आणि पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी 1957 साली ते रुग्णांवर वापरून दाखविले. यकृताचे रात्रीचे साखर बनविणे ते कमी करते. तेव्हा गोळीतही वनस्पतीच आहे, फक्त विष काढून आणि माप लावून.

मेथी वा कारले घ्यायचेच असेल तर जेवणाबरोबर घ्यावे, डॉक्टरांना सांगावे, आणि गोळी कमी करायची की नाही ते तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी पाहून त्यांनाच ठरवू द्यावे. इन्शुलिन किंवा स्वादुपिंडाला चेतविणारी गोळी चालू असताना वरून कारल्याचा रस घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. राखेच्या बुधवारचा उपवास आजारी माणसाला बंधनकारक नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवण करून द्यावे. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर रोगी शुद्धीवर असेतो तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यावे.