क्लेम नाकारला? आधी कलमाचा नंबर मागा

‘पॉलिसीच्या अटींनुसार आपला दावा देय नाही.’ आरोग्य विम्याच्या कंपनीकडून असं एका ओळीचं पत्र आलं, तर ते शेवटचं समजू नका. नेमक्या कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला, हे कंपनीला पत्रात लिहावंच लागतं. विमा नियामक ‘इर्डाई’च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारताही येत नाही. त्याच दिवशी ई-मेल करा आणि दोन गोष्टी मागा: कलमाचा नंबर आणि समितीची मंजुरी. फोनवर कोणी काय सांगितलं, ते पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

बरेच पैसे जातात ते खोलीभाड्याच्या अटीत. समजा, तुमचा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. दवाखान्यात खोली मिळाली ६,००० ची, चार दिवस. तुम्ही मनाशी हिशेब करता: वरचे १२,००० आपण भरू. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं बिलही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं कापलं जातं. हे बिल १ लाखाचं असेल तर ५०,००० तुमच्या खिशातून. इथपर्यंत अट कंपनीच्या बाजूने आहे. पण औषधं, तपासण्या, बसवलेला सांधा किंवा स्टेंट यांच्यावर ही प्रमाणशीर कपात लावू नये, असं इर्डाईने २०२० मध्येच बजावलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही ती लावायची नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या दवाखान्यात तर ती लागूच होत नाही. म्हणून कपातीचा कागद ओळीने वाचा. वरच्याच उदाहरणात औषधं-तपासण्यांचं बिल ८०,००० चं असेल आणि तेही निम्मं केलं असेल, तर ४०,००० रुपये चुकीने कापले गेलेत. पॉलिसीत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची (ज्या खर्चांना ही कपात लागते, त्यांची) व्याख्या शोधा, तिच्यावर खूण करा आणि तीच ओळ तक्रारीत उतरवा. दवाखान्याकडून त्यांचं खोलीनिहाय दरपत्रकही मागून घ्या.

दुसरी अडचण ‘जुना आजार लपवला’ या कारणाची. बऱ्याचदा फॉर्म एजंट भरतो, मधुमेहापुढे ‘नाही’ लिहितो आणि तुम्ही फक्त ओटीपी सांगता. भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत आजच मागा, क्लेमची वेळ येईपर्यंत थांबू नका. चूक दिसली तर लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पूर्वी ती ४८ होती. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही. त्यामुळे रिन्यूअल चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५. आजार तुम्ही आधीच सांगितला होता आणि तरी कंपनीने पॉलिसी दिली, तर पुढे तेच कारण काढून क्लेम नाकारता येत नाही. मनमोहन नंदा यांच्या प्रवास विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हेच सांगितलं.

नवी पॉलिसी हातात पडली की ३० दिवसांत ती परत करता येते. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा हप्ता कापून बाकी पैसे मिळतात. एवढ्या दिवसांत ग्राहक माहितीपत्रक तरी वाचाच. ते मराठीत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सब-लिमिट (ठरावीक खर्चावरची मर्यादा), को-पे (बिलातला तुमचा वाटा), थांबण्याची मुदत, सगळं त्या दोन-तीन पानांत असतं. हप्त्याची पावतीही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी शून्य आहे. नोकरीतल्या किंवा बँकेतल्या गटविम्याला ही सूट नाही.

कॅशलेसमध्ये डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्याने विनंती पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. उशीर झाला म्हणून दवाखान्याने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची, तुम्ही नाही. दवाखान्याने विनंती किती वाजता पाठवली, ती वेळ दवाखान्यातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कवरून लिहून घ्या.

आता तक्रार. पहिली कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ई-मेलने. सोबत ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ ला फोन लावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. शुल्क शून्य, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. कागद: पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, कंपनीला केलेली तक्रार, डिस्चार्ज समरी, बिलं, ओळखपत्र. कागद पूर्ण असले तर तीन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो आणि कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा असतो. ‘क्लेम काढून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला हातही लावू देऊ नका. हा अर्ज तुम्ही एका दुपारी स्वतः भरू शकता.

लोकपालांचा निकाल पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. शुल्क क्लेमवर नव्हे, भरलेल्या हप्त्यावर ठरतं: ५ लाखांपर्यंत काहीच नाही. मात्र आयोगात प्रकरण आधी टाकलंत, तर लोकपाल ते घेत नाहीत. क्रम उलटा करू नका.

अट चुकीची लावली असेल, तर वरचे दोन्ही मार्ग पुरतात. अटच अन्यायाची असेल, जशी योग्य कारणाशिवाय कंपनीला एकतर्फी पॉलिसी बंद करू देणारी, तर जिल्हा आयोगाला ती रद्द करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ‘अनुचित करार’ हे कारण स्पष्ट लिहून तक्रार थेट राज्य आयोगाकडे करावी लागते. तो अशी अट रद्दबातल ठरवू शकतो. महाराष्ट्राचा आयोग मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्याची खंडपीठं आहेत, गोव्याचा पणजीत. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.