क्षेत्राचे जुने रूप व आपले कर्तव्य

चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नामदेवरायांच्या पायरीला नमस्कार, चोखोबांच्या समाधीवर माथा आणि मग राउळात विठुरायाच्या पायी मिठी. पंढरीत आपण हे सारे क्रमाने करतो. पण रात्री पाठ टेकतो कुठे? कुठल्या तरी मठाच्या ओवरीत, वाड्याच्या सोप्यात, धर्मशाळेच्या पडवीत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिंडीचा उतारा एकाच वाड्यात असतो. आजोबांनी ज्या खुंटीला पडशी टांगली, त्याच खुंटीला नातू टांगतो. म्हणून क्षेत्र म्हणजे नुसते देऊळ नव्हे. देवळाभोवतीचे बोळ, वाडे, मठ, घाट आणि तिथे राहणारी माणसे मिळून क्षेत्र होते. हा या पाठाचा पहिला विचार.

हा विचार आज का मांडावा लागला? 2022 साली पंढरपुरात देवळाभोवती काशीसारखा रुंद मार्ग करण्याचा बेत पुढे आला. त्याला कॉरिडॉर म्हणतात. तिथले रहिवासी व दुकानदार एक झाले, मोर्चे निघाले, बाजार बंद राहिला. कुणी म्हणेल, हा पंढरपूरकरांच्या घरादाराचा तंटा, आपण आषाढीला जाणारे, आपल्याला काय त्याचे? वाचकहो, हे म्हणणे बरे नव्हे. ज्याच्या सोप्यात आपण निजलो, त्याचे घर मोजले जात असता आपण तोंड फिरवावे, हा वारकऱ्याचा धर्म नाही.

आता काशीचेच पाहू. तिथला मार्ग 13 डिसेंबर 2021 रोजी खुला झाला. यात्रेकरूंना गंगेपासून थेट देवळापर्यंत मोकळी वाट मिळाली, हे खरे आहे व ते मानलेही पाहिजे. पण त्यासाठी 300 हून अधिक मिळकती घ्याव्या लागल्या, आणि घरे उतरवताना त्यांच्या पोटात 40 हून अधिक जुनी देवळे सापडली. यातून काय शिकावे? घराच्या भिंतीआड काय आहे, हे पाडायला लागल्यावर कळून उपयोगाचे नाही. आधी नोंद व्हावी, मग विचार व्हावा आणि हत्याराला हात शेवटी लागावा.

पंढरीतही हाच अनुभव आला. 2024 साली राउळाच्या जतनाचे काम निघाले, तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होते. मागाहून बसवलेल्या फरश्या काढल्या आणि मूळचा काळा दगड पुन्हा दिसू लागला. मे अखेरीस तर आवारात कान्होपात्रेच्या देवळाजवळ एक तळघर उघडले व आत मूर्ती मिळाल्या. राउळातला एकेक दगड आपण एवढ्या काळजीने पुसला. मग महाद्वाराबाहेरच्या वाड्याला निराळा न्याय का?

येथे एक शंका येते. गर्दी वाढली, बोळ अरुंद, चेंगराचेंगरी झाली तर? म्हातारीकोतारी माणसे, आजाऱ्याची गाडी, याला वाट नको का? शंका रास्त आहे. जीवापेक्षा भिंत मोठी नाही. पण गर्दीवर उपाय एकच असतो असे नव्हे. नदीच्या पैलतीरी 65 एकरांवर दिंड्यांच्या तंबूंचा तळ झाला, त्याने वाळवंटावरचा भार हलका झाला आणि जुन्या गावातली एक वीटही हलली नाही. दर्शनबारीची आखणी, वाहनांना वेशीबाहेर थांबा, जागोजाग शौचकूप, हे सारे आधी करून पाहावे. त्यानंतरही एखादे घर अडत असेल, तर घरधन्याला विचारून, त्याचे पोट व छप्पर सांभाळून बोलणे व्हावे.

दुसरी शंका: वाडे तर मोडकळीला आलेत, ठेवायचे तरी काय? यावर दृष्टांत घ्या. पखवाजाची पुडी फाटली तर आपण पुडी बदलतो, वादी ओढून घेतो. खोड काही चुलीत घालत नाही. वाड्याचेही तसेच. दगडी जोते, सागवानी खांब, तुळया हे खोड. कौले, गिलावा, माळवदाची माती ही पुडी. वाडा वाऱ्याने पडत नाही, गळतीने पडतो. माळवदाची भेग वेळेवर बुजवली, खांबाच्या बुडाला वाळवी लागू दिली नाही, तर घर आणखी शंभर वर्षे उभे राहील. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नये. त्याने आतली ओल आतच कोंडते आणि वरून गुळगुळीत दिसणारी भिंत पोटातून कुजते.

कायद्याचाही थोडा आधार आहे. मुंबईत 1995 साली जुन्या वास्तूंच्या जतनाची नियमावली झाली, वास्तूंचे वर्ग ठरले. गिरगावातली खोताची वाडी हा अशा जुन्या वस्तीचा नमुना. पण मूळची साठ-पासष्ट घरे म्हणतात, त्यांतली आज निम्मीही उरली नाहीत. का? यादीत नाव आले तरी दुरुस्तीचा पैसा घरधन्यानेच काढायचा. एका मिळकतपत्रावर पंधरा वारसांची नावे. भाडे मिळते ते नाममात्र. जी घरे टिकली ती तिथल्या रहिवाशांनी चिकाटी धरली म्हणून. कायदा काठीसारखा आहे, चालायचे पाय आपलेच लागतात.

आणि एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. सरकारकडे बोट दाखवताना आम्ही आमच्याकडेही पाहावे. किती मठांनी व फडांनी आपल्या हातांनी जुने लाकूड भंगारात घातले, वर स्लॅब ओतला आणि दानशूरांच्या नावांच्या चकचकीत फरश्या लावल्या! त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण तो आपलाच जीर्णोद्धार होता. जीर्ण झालेल्याला वर काढणे तो उद्धार. मोडून टाकले त्याचा उद्धार कसला?

पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात मे 1947 मध्ये साने गुरुजींनी हरिजनांना मंदिर उघडावे म्हणून उपोषण केले. त्या ठिकाणी उभे राहून नातवाला ही गोष्ट सांगणे वेगळे, आणि पुस्तकातून सांगणे वेगळे. जागा गेली की गोष्ट पोरकी होते.

तेव्हा प्रत्येक दिंडीने यंदा एवढे करावे. उतरतो त्या वास्तूची एका वहीत नोंद करावी: कुणी बांधली, किती पिढ्या आपण उतरतो, खांबावर वा चौकटीवर काय कोरले आहे. भिशीतून दरवर्षी काही रक्कम घरधन्याला दुरुस्तीसाठी द्यावी. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत वा सूचना द्यावी. नुसती कुजबूज कागदावर चढत नाही. आणि मठाचे काम काढण्याआधी जुना दगड ओळखणारा गवंडी व जाणता माणूस यांना विचारावे.

पुढल्या आषाढीला सोप्यात पाठ टेकाल, तेव्हा वरच्या तुळईकडे एकदा निरखून पाहा. गळते आहे का, एवढे पाहिले तरी या पाठाचे सार्थक झाले.

रामकृष्ण हरी.